समंजस कुणी व्हायचं?

मराठीत शहाण्या माणसाचं काही खरं नाही. शहाणा म्हटलं की त्याच्या मागेपुढे काहीतरी चिकटतंच. अतिशहाणा, दीडशहाणा, 'फार शहाणा लागून गेलास', 'शहाणी आहेस, गप्प बस'. आमच्या घरात दखनी बोलतात, तिथेही तीच तऱ्हा. 'भोत शाना हो रा क्या?' असं कुणी विचारलं की पुढच्या क्षणी पाठीत धपाटा बसणार हे लहान मुलालाही कळतं. अकलेचीही तीच गत. अक्कल गहाण पडते, अक्कल काढली जाते, बुडालेले पैसे अक्कलखाती जमा होतात आणि मूर्खाला आपण अकलेचा कांदा म्हणतो. चांगल्या बुद्धीसाठी आपल्याकडे शब्द कमी नाहीत, पण ते इतक्या वेळा उपरोधाने वापरलेत की सरळ अर्थाने कुणाचं कौतुक करायची वेळ आली की हाताशी एकही धड शब्द उरत नाही.

ही अडचण मला दरवर्षी येते, कारण मी जुन्नर तालुक्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवते आणि अकरावी-बारावीच्या शब्दसंग्रहात कधी ना कधी 'ज्युडिशस' हा शब्द येतोच. मुलांना तो 'ज्युडिशियल' ऐकू येतो. ज्युडिशियल त्यांना टीव्हीमुळे पाठ आहे, कुणी ना कुणी पुढारी ज्युडिशियल कस्टडीत असतोच. त्यामुळे वाक्यात उपयोग करा म्हटलं की वह्यांमध्ये चोर, दरोडेखोर आणि एखादा बिल्डर असे सगळे 'ज्युडिशस कस्टडी'त जाऊन बसलेले असतात.

मी हसते, पण मुलं अगदीच चुकलेली नसतात. दोन्ही शब्द लॅटिनमधल्या न्यायाधीशासाठीच्या एकाच शब्दापासून आले. एक भाऊ कोर्टात नोकरीला लागला, दुसरा गावात राहिला. ज्युडिशियल म्हणजे न्यायालयाशी संबंधित, ते पदाचं विशेषण. ज्युडिशस म्हणजे नीट तोलून, मागचापुढचा विचार करून केलेलं, ते गुणाचं विशेषण. दोन्ही एका ठिकाणी असतीलच असं नाही. 'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' ही म्हण आपल्याकडे उगाच पडलेली नाही. आजोबांनी बांधावरून लावलेला दावा नातू चालवतो आहे, अशी घरं जुन्नरमध्येही आहेत आणि घोडेगावातही.

वर्गात या शब्दाचा मराठी अर्थ काय लिहून द्यायचा, हा माझा प्रश्न. पुस्तकी उत्तरं पुष्कळ आहेत: सुज्ञ, विवेकी, समंजस, शहाणपणाचा. पण इंग्रजी हा शब्द कुठे ठेवतं ते आधी पाहायला हवं. कृषी विभागाच्या इंग्रजी माहितीपत्रकात पाण्याचा 'ज्युडिशस' वापर असतो, खतांचा असतो. डॉक्टर अँटिबायोटिक्सच्या 'ज्युडिशस' वापराबद्दल बोलतात. निर्णय ज्युडिशस असतो, निवड असते, संपादकाने केलेली काटछाट असते. माणसालाही हे विशेषण लागतं, नाही असं नाही, पण बहुधा त्याच्या चार निर्णयांकडे पाहून झाल्यावर. शब्दाचं खरं घर म्हणजे कृती. किती, केव्हा आणि कुठे थांबायचं, या तीन गोष्टी त्यात गृहीत असतात. हुशार माणूस दहा वाटा शोधून काढील. त्यातल्या नऊ सोडून द्यायची तयारी असणं हे ज्युडिशस.

थांबण्याचा हा अर्थ मला अरबीत जास्त स्पष्ट सापडतो. आपण रोज बोलतो ती अक्कल अरबीतून आली. उंटाने पळून जाऊ नये म्हणून त्याचा गुडघा ज्या दोरीने बांधतात त्या दोरीचा शब्द आणि अक्कल, दोन्ही एकाच धातूचे. हिकमतीचंही तसंच. हुकूम, हाकिम, हकीम, हुकूमत, हिकमत ही सगळी एका कुटुंबातली मंडळी. निवाडा करणं आणि शहाणं असणं हे दोन अर्थ या एका धातूत एकत्र नांदतात, अगदी लॅटिनसारखे. आणि घोड्याच्या लगामातल्या एका भागाचं नावही याच कुटुंबातलं आहे. म्हणजे अरबांच्या लेखी शहाणपण हे जनावर पळवण्याचं नाही, आवरण्याचं साधन. मराठीत येता येता हिकमतीचा लगाम मात्र सुटला. आपल्याकडे हिकमती माणूस म्हणजे कसंही करून काम काढून आणणारा, तहसील कचेरीत कुठल्या टेबलावर काय ठेवायचं हे जाणणारा. आणि तमीज हा शब्द, ज्याचा मूळ अर्थ फरक ओळखणं, म्हणजे अगदी विवेकाचा सख्खा भाऊ, तो आमच्या घरांमध्ये नुसता शिष्टाचार होऊन बसला. मोठ्यांसमोर आवाज चढला की 'तमीज से बात कर'.

आता राहिलेले उमेदवार. 'सुज्ञ' मी वर्गात सांगत नाही. तो शब्द निवडणुकीच्या पत्रकांनी वापरून वापरून गुळगुळीत केला. दर पाच वर्षांनी आपण सगळे सुज्ञ मतदार होतो आणि निकालानंतर पुन्हा जनता. 'विवेकी' चांगला आहे, पण सोळा वर्षांच्या मुलांना तो कीर्तनातला वाटतो. मग उरतो 'समंजस', आणि बहुतेक शिक्षक तोच लिहून देतात. मला याच शब्दाबद्दल बोलायचं आहे.

समंजस हा मुळात चांगला शब्द आहे. संस्कृतात त्याचा अर्थ योग्य, उचित, सुसंगत. पण आज आपण तो कुणाला लावतो? सून समंजस असते. सासू समंजस आहे असं मी क्वचितच ऐकलं आणि ऐकलं तेव्हा त्याचा अर्थ 'सुनेच्या कामात लक्ष घालत नाही' एवढाच होता. थोरली मुलगी समंजस असते, कारण धाकट्याने खेळणं ओढलं की 'तू समजूतदार ना, दे त्याला' असं तिला सांगता येतं. गिरणी बंद पडली की कामगारांनी समंजसपणा दाखवावा असं आवाहन होतं. धरणात घर बुडालं की विस्थापितांनी. आंबेगाव तालुक्याला ज्या गावाचं नाव आहे ते आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेलं. तालुका नावाला राहिला आणि गाव समंजस निघालं.

म्हणजे वापरात समंजसचा अर्थ 'नीट निर्णय घेणारा' असा उरलेला नाही. दुसऱ्याने घेतलेला निर्णय निमूटपणे सोसणारा, असा झाला आहे. ज्युडिशस हा शब्द ज्याच्या हातात निर्णय आहे त्याच्याकडून काहीतरी मागतो. समंजस हा शब्द ज्याच्यावर तो निर्णय येऊन पडतो त्याच्याकडून मागतो. एकाचं भाषांतर दुसऱ्याने केलं की सगळं ओझं एका खांद्यावरून उचलून दुसऱ्याच्या खांद्यावर ठेवलं जातं, आणि कुणाला ते कळतही नाही.

मला ते कळतं, कारण मी दोन्हीकडून समंजस आहे. माहेर मंचरचं, सासर जुन्नरचं, आणि दोन्ही घरांत माझं हेच विशेषण. त्यात भर म्हणजे मी समंजस मुसलमानही आहे. काही वर्षांपूर्वी शिक्षकांच्या एका सत्कार समारंभात पाहुण्यांनी भाषणात माझं नाव घेतलं आणि म्हणाले, "आपल्या मॅडमसारखे समंजस मुस्लिम सगळीकडे असतील तर देशात काही प्रश्नच उरणार नाही." टाळ्या झाल्या. मला शाल मिळाली, नारळ मिळाला. त्या कार्यक्रमात मी एक शब्दही बोलले नव्हते. बहुधा म्हणूनच.

पाहुण्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, याची मला खात्री आहे. जेवताना त्यांनी आग्रहाने माझ्या ताटात जिलेबी वाढली. पण हे असं प्रशस्तिपत्र आहे जे एकाला देताना बाकीच्यांचं काढून घेतलं जातं. बारावीत पहिल्या आलेल्या हिंदू मुलाला कुणी समंजस हिंदू म्हणत नाही. ते विशेषण त्याला लागत नाही, कारण तो समंजस नसेल अशी शंका मुळात कुणाला आलेली नसते.

माझे धाकटे दीर पोलीस ठाण्यातल्या शांतता समितीच्या बैठकांना जातात. सणाच्या आधी चहा, बिस्किटं, पोलीस निरीक्षकांचं भाषण आणि 'दोन्ही समाजांतल्या सुज्ञ नागरिकांनी' अशी सुरुवात असलेलं आवाहन. २०२३ मध्ये अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद दोन्ही २८ सप्टेंबरला आल्या. राज्यात अनेक शहरांतल्या जुलूस कमिट्यांनी मिरवणूक एक दिवस पुढे नेली आणि सरकारने ईदची सुट्टी २९ तारखेला दिली. वर्तमानपत्रांत 'मुस्लिम समाजाचा समंजसपणा' अशा अर्थाचे मथळे आले. दीर पेपर वाचून म्हणाले, "भाभी, हर टैम हमीच कायकू समझनेका?"

त्या दिवशी आमचा चांगला तासभर वाद झाला. माझं म्हणणं असं होतं की निर्णय बरोबर होता. विसर्जन तिथीला बांधलेलं आहे. मिलाद त्या दिवशी घरात आणि मशिदीत होतोच. जुलूस ही प्रथा आहे, तो दुसऱ्या दिवशी निघाला म्हणून श्रद्धेत काही कमी होत नाही. रस्ते तेच, पोलीस तेच. दोन गोष्टींपैकी जी हलवता येण्यासारखी होती ती हलवली. यात कुणी कुणापुढे झुकलं नाही. उलट आपल्या कमिट्यांनी बसून, तोलून, स्वतः ठरवलं. हाच ज्युडिशस निर्णय. मथळा मात्र त्याला स्वभावाचं लेबल लावतो आणि निर्णयामागचं डोकं खाऊन टाकतो. गोड पोरगी, मागितलं की देते.

दीर म्हणाले, "और उल्टा रहता तो? उनका हिलने जैसा और हमारा नहीं हिलने जैसा?"

हीच खरी कसोटी, असं मी म्हणाले. पण त्या कसोटीचा निकाल माझ्या हातात नव्हता, त्यांच्याही नव्हता. पुढच्या दोन वर्षांत सण पुन्हा शेजारी आले. मुंबईत २०२४ मध्ये ईदची सुट्टी १६ वरून १८ सप्टेंबरला गेली आणि २०२५ मध्ये ५ वरून ८ सप्टेंबरला. मला दोन्ही वेळा ते योग्यच वाटलं. फक्त तिसऱ्या वर्षी मथळासुद्धा आला नाही. जे एकदा विचार करून केलं ते तिसऱ्यांदा गृहीत धरलं गेलं होतं. ईद दर वर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकते, त्यामुळे आता काही वर्षं हा प्रश्न येणार नाही. आमच्या घरातला वाद मात्र तसाच आहे, कुकरच्या शिट्टीसारखा अधूनमधून वाजतो.

मग वर्गात मी काय लिहून देते? 'तारतम्य'. या शब्दाची बनावट मला फार आवडते. लघुतर, लघुतम यांमधले जे 'तर' आणि 'तम', तेच जोडून तारतम्य. कमी-जास्त, अधिक चांगलं, सगळ्यात चांगलं, ही पायरी ओळखणं. आणि गंमत अशी की रोजच्या बोलण्यात याचं विशेषणच होत नाही. 'ती मुलगी फार तारतम्यी आहे' असं कुणी म्हणत नाही. तारतम्य असतं, ठेवावं लागतं, बाळगावं लागतं, सुटतं. म्हणजे ते कुणाच्या अंगाला कायमचं चिकटत नाही, दर वेळी नव्याने वापरावं लागतं. मुलं तक्रार करतात की विशेषणाचा अर्थ विशेषणात द्या. मी म्हणते, 'तारतम्याने केलेला' असं लिहा, एक शब्द जास्त लिहिल्याने हात दुखत नाही.

माझ्यासाठी या शब्दाला कांद्याचा वास आहे. अब्बा मंचरच्या बाजार समितीत एका आडत्याकडे दिवाणजी होते. त्यांचं काम पट्ट्या लिहिण्याचं, पण नजर मालावर. कांद्याची प्रतवारी ज्यांनी पाहिली आहे त्यांना मी काय म्हणते ते कळेल. गोळा, मध्यम, गोल्टी, बदला. एकाच शेतातला, एकाच दिवशी काढलेला कांदा चार भावांना विकला जातो. शेतकऱ्याने न निवडता आणलेला ढीग असला की खरेदीदार वरचे दोन सडके कांदे उचलून दाखवायचा आणि सगळ्या ढिगाचा भाव पाडायचा. अब्बा तेव्हा लिहिणं थांबवायचे. "दोन कांद्यांचा भाव दोन कांद्यांना लावा, शेट," एवढंच म्हणायचे. कधी ऐकलं जायचं, कधी नाही. दिवाणजीच्या शब्दाला वजन किती असणार.

पण कधीकधी ज्याच्या शब्दाला वजन असतं तोही थांबतो. जुन्नरमध्ये राहून मलिक अंबरचं नाव न घेता पुढे जाणं मला जमत नाही. हबशातून गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस निजामशाहीचा कारभारी झाला आणि त्याच्या काळात जुन्नर काही दिवस राजधानीही होतं. १६२६ मध्ये तो वारला. त्याचा गनिमी कावा शाळेत शिकवतात, त्याची जमाबंदी फारशी कुणी सांगत नाही. ग्रँट डफने मराठ्यांच्या इतिहासात, म्हणजे १८२६ मध्ये, ती नोंदवली आहे. वसुलीचे मक्ते अंबरने बंद केले. आधी प्रत्यक्ष पिकलेल्या धान्याचा माफक हिस्सा धान्यातच घेतला. काही हंगाम असे पाहिले, शेत किती देतं याचा अनुभव गाठीशी आला, आणि मग त्याची रोकड ठरवली, तीही दर वर्षीच्या लागवडीप्रमाणे. मुघलांशी लढाई चालू, खजिन्याला पैसा हवा, आणि हा माणूस पीक बघत काही हंगाम थांबतो. रयतेला त्याने समंजसपणा शिकवला नाही. थांबायचं काम स्वतःकडे घेतलं.

सरकारने न थांबता केलेल्या कामाची गोष्टही याच मातीतली आहे आणि ती फार जुनी नाही.

जुन्नर वनविभागात जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर हे चार तालुके येतात. कुकडी प्रकल्पाची पाच धरणं, माणिकडोह, वडज, येडगाव, पिंपळगाव जोगे आणि डिंभे, त्यांचे कालवे आणि कालव्यांमागून आलेला ऊस. उसात बिबट्याला लपायला जागा, प्यायला पाणी, खायला कुत्री, शेळ्या, डुकरं. तो तिथे नुसता येत नाही, तिथेच जन्मतो. २००१ ते २००३ च्या सुमारास इथे माणसांवर हल्ले व्हायला लागले, लहान मुलं गेली, आणि लोकांचा संताप रस्त्यावर आला. पिंजरे लागले. दिसेल तो बिबट्या पकडायचा आणि लांब जंगलात नेऊन सोडायचा, असं सुरू झालं.

विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या सगळ्याचा अभ्यास केला. तो २०११ मध्ये 'कॉन्झर्वेशन बायॉलॉजी' या नियतकालिकात आला. बिबट्यांना हलवायला लागण्यापूर्वी या भागात वर्षाला सरासरी ४ हल्ले होत होते. हलवायला लागल्यावर ते १७ झाले. हल्ल्यांमधलं मृत्यूंचं प्रमाणही वाढलं. कारण शेतात राहणारा बिबट्या उचलून अनोळखी जागी सोडला की तो तिथल्या गावांच्या आसपास बिथरून फिरतो, परत यायला बघतो, आणि इकडे त्याच्या रिकाम्या जागेत दुसरा येऊन राहतो. पकडलेला बिबट्या माणसांवर हल्ला करणारा होता की नुसता जवळपास होता, हे बघितलंच जात नव्हतं. ढिगातला हाताला लागेल तो कांदा. त्याच वर्षी केंद्र सरकारने बिबट्यांबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या आणि असं सरसकट पकडून हलवणं टाळावं असं सांगितलं.

काझीने रागात असताना दोघांमधला फैसला करू नये, अशी हदीस आहे. मी ती लहानपणापासून ऐकत आले. पण बिबट्याच्या बाबतीत तिचा वापर करताना मला भीती वाटते. ज्या घरातलं मूल अंगणातून ओढून नेलं त्या घराला 'रागात निर्णय घेऊ नका' असं सांगणारी मी कोण? आणि नीट वाचलं तर हदीस ते सांगतही नाही. ती फिर्यादीला राग आवरायला सांगत नाही, काझीला सांगते. रस्त्यावर बसलेल्या लोकांना संताप येणारच, तो त्यांचा हक्क आहे. पिंजरा कुठे लावायचा, कशासाठी लावायचा, जनावर पकडल्यावर त्याचं काय करायचं, हे ठरवणाऱ्याने तो संताप ऐकून घेऊन मग थंड डोक्याने ठरवायचं. तेव्हा झालं उलटं. वरून काहीतरी केल्यासारखं दिसावं म्हणून पिंजरे हलले, आणि लोकांना मात्र सहजीवन शिकायला सांगितलं गेलं.

सहजीवनाचे नियम चुकीचे नाहीत. मुलांना एकटं सोडू नका, अंधारात वाकून काम करू नका, शेळ्या बंद गोठ्यात ठेवा, बोलत चला. वनविभागाची माणसं शाळांमध्ये येऊन हे सांगतात आणि मनापासून सांगतात. पण माझ्या वर्गातल्या एका मुलीने विचारलं की आमच्या पंपाला थ्री-फेजची लाईट एक आठवडा दिवसा असते आणि एक आठवडा रात्री, तर रात्री दोन वाजता मोटार चालू करायला पप्पांनी कुणाशी बोलत चालायचं? विजेचं वेळापत्रक बिबट्या ठरवत नाही, शेतकरीही ठरवत नाही. बिबट्याच्या पट्ट्यात दिवसा वीज द्या ही मागणी इथल्या प्रत्येक सभेत होते. तीही उपाययोजनांच्या यादीत आहेच, फक्त खाली. वर असतं नागरिकांना समंजसपणाचं आवाहन.

पुण्यातून शनिवारी-रविवारी लेण्याद्रीला आणि शिवनेरीवर येणारी काही मंडळी मला भेटतात. 'तुमच्याकडचे लोक बिबट्याबरोबर किती छान राहतात' म्हणून कौतुक करतात. त्या स्वरातली जिलेबी मी ओळखते.

तरी तारतम्याने केलेलं कामही मी याच भागात पाहिलं आहे. ऊसतोडीच्या दिवसांत फडात बिबट्याची पिल्लं सापडणं ही इथली नेहमीची बातमी. आता पिल्लं उचलून नेत नाहीत. माझ्या माहेरच्या शेजाऱ्यांच्या उसात, मंचरच्या पुढे, अशी पिल्लं सापडली तेव्हा मी तिथेच होते. मांजरीएवढी, डोळे नुकते उघडलेले. टोळीतल्या बायकांनी कोयते खाली ठेवले आणि मुलांना आधी ट्रॅक्टरवर चढवलं. वनविभागाची गाडी आली, डॉक्टरांनी पिल्लं तपासली. संध्याकाळी एका क्रेटमध्ये घालून ती होती त्याच जागी ठेवली, कॅमेरा लावला आणि सगळ्यांना लांब पाठवलं. आई आली असती आणि पिल्लं सापडली नसती तर बिथरलेली मादी त्याच वस्तीभोवती फिरत राहिली असती, हे त्या साहेबांनी शेजारच्या काकांना शांतपणे समजावून सांगितलं. काकांनी दोनच प्रश्न विचारले. किती वेळ तोड थांबवायची, आणि नाही आली तर पुढे काय. दोन्हींची उत्तरं मिळाल्यावर ते घरी गेले आणि दार लावून घेतलं.

ती मध्यरात्रीनंतर आली. कॅमेऱ्यात दिसलं, एकेक पिल्लू मानेला धरून नेलं. सकाळी क्रेट रिकामा होता आणि लोक फोनवर तो व्हिडिओ एकमेकांना पाठवत होते.

काकांचा तोडलेला ऊस बांधावर एक दिवस वाळला, त्याचं वजन घटलं. टोळीच्या मुकादमाने खाडा पडलेल्या दिवसाची मजुरी मागितली. काका म्हणाले, वनखात्याकडे माग. वनखात्यातले साहेब म्हणाले, पिल्लांसाठी तोड थांबली तर मजुरी द्यायची अशी कुठली तरतूद नाही. मुकादमाच्या माणसांनी तो दिवस फुकट घालवला, आणि जाताना कुणीतरी त्यांच्याबद्दलच म्हणालं, समंजस माणसं आहेत.